कडेवरची जागा

३ तारीख, सोमवार
आज सकाळी पुरातत्त्व खात्यात कामावर रुजू झालो. मूर्तींच्या कोठीचं दार उघडताच सवयीनं हात जोडले, तर साहेब हसले. म्हणाले, काका, इथं मूर्तींच्या पाया पडायचं नाही, त्यांची वयं तपासायची. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर जाऊ द्यायची नाही. नवी असेल तर तसा दाखला द्यायचा. गावच्या शाळेत शिकलेल्या माणसाला पन्नाशीच्या तोंडावर याहून चांगलं काम कुठलं? टेबलावर आमचा फोटो ठेवला. बायको, आणि तिच्या कडेवर आमची लेक. तापानं गेली तेव्हा चार वर्षांची होती. तिचा हा एकच फोटो.

६ तारीख, गुरुवार
बंदरावर जाणारी एक पेटी आली. अर्जावर फोटो: दगडी बाळ, वीतभर. पेटी उघडून दगड पाहायचा असा नियम आहे. पण व्यापारी नेहमीचा. साहेब म्हणाले, कशाला खिळे उपसत बसता? न उघडताच सही केली. ‘नवीन.’

११ तारीख
जप्तीतली एक दगडी बाई कोठीत आली. फार जुनी. डावा हात बाळाला धरल्यासारखा वाकलेला, पण कडेवर कुणी नाही. तिथं ताजी तोडल्याची खूण. अर्जावरच्या बाळाची बसण्याची ढब आणि ही रिकामी जागा तंतोतंत जुळतात. म्हणजे ते बाळ हिचंच, हिच्याइतकंच जुनं. साहेबांना सांगितलं. म्हणाले, सही तुमची आहे, गप्प बसा. जहाज सुटायला आठवडा आहे.

१३ तारीख
काल त्या दगडी बाईचं तोंड भिंतीकडे होतं. आज माझ्या टेबलाकडे. शिपाई म्हणतो, हलवायला चार माणसं लागतात, कोण हलवणार?

१४ तारीख
फोटोत लेकीचे पाय दिसत नाहीत. काच पुसली. पुन्हा पुसली —

१५ तारीख
आता फक्त डोळे. फोटो घरी नेऊन बायकोला दाखवला. ती बघतच राहिली. म्हणाली, आपल्याला मूल कुठं होतं?

१६ तारीख
तिचं बाळ परत केलं तर आमची लेकही परत येईल, म्हणून वरच्या कचेरीत लेखी दिलं. पेटी न उघडता खोटा दाखला दिला, चूक माझी. नोकरी जाईल, जाऊ दे. पेटी जहाजावरून परत आली. खिळे मीच उपसले. बाळ दगडी बाईच्या कडेवर ठेवलं. बसलं. तिनं हात आवळला — मी पाहिलं —

फोटोत बायको एकटी. हात तसाच वाकलेला.

देवा, आठवतंय तोवर लेकीचं नाव इथं लिहून ठेवतो. तिचं नाव —