घासलेल्या नाण्यांच्या पाटीबाबत

प्रति,
माननीय संग्रहपाल,
नाणे विभाग, वस्तुसंग्रहालय.

विषय : सतराव्या शतकातील चांदीच्या नाण्यांची भेट स्वीकारून त्यांची पाटी आहे त्याच शब्दांत लावण्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराच्या थोरल्या भावाने आपल्याकडे नोंदवलेली हरकत.

महोदय,

१. अर्जदार ही शिवणकामावर पोट भरणारी बाई असून, घड्याळे दुरुस्त करणाऱ्या वडिलांचे अखेरचे आजारपण तिने एकटीने काढले. त्या काळात थोरले बंधू एकदाही वाट वाकडी करून आले नाहीत. वडील गेल्यावर मात्र ते सपत्नीक हजर झाले व कपाटातील नाण्यांची थैली त्यांनी सरळ खिशात घातली. आठवण म्हणून एखादे नाणे द्यावे, अशी विनंती केली असता, "आजारपणाची मजुरी मागतेस का?" असे ते बोलले. वहिनी हसल्या. ते हसणे अर्जदार विसरलेली नाही.

२. आपले कार्यालय जुनी नाणी विकत घेते, हे पुढे बंधूंच्या कानावर आले. अर्जदार भाचीचा फ्रॉक द्यायला गेली, तेव्हा बंधू मोरीत बसून तारेच्या घासणीने नाणी घासत होते. शेजारी तेजाबाची बाटली होती. जुने नाणे कधी घासू नये, घासले की त्याचे मोल गेले, हे वडिलांनी दोन्ही मुलांना लहानपणी बजावले होते. बंधूंचे लक्ष तेव्हाही खिडकीबाहेर असे. "कशी चमकतायत?" त्यांनी विचारले. खरे ते अर्जदाराच्या अगदी ओठांवर आले होते. पण वहिनी तिथेच उभ्या होत्या. "छान, दादा. कडेला थोडं राहिलंय," असे सांगून अर्जदार निघाली व घरी येऊन पोटभर जेवली.

३. राजाचे नाव, साल व टांकसाळीची खूण पुसली गेल्याने आता नुसत्या चांदीचीच किंमत उरली, असे आपण बंधूंना सांगितलेत. ते तणतणत सोनाराकडे गेले. नाणी आटवली जाण्यापूर्वी अर्जदाराने ती सोनाराकडून मोडीच्या भावात सोडवून घेतली.

४. सदर नाणी अर्जदार आपणांस विनामूल्य देत आहे. अट एकच : ती प्रवेशद्वारालगतच्या काचेच्या कपाटात सोबतच्या पाटीसह ठेवावीत. पाटीची एक प्रत अर्जदाराने बंधूंनाही धाडली होती; यात घराण्याची अब्रू जाते, ही त्यांची हरकत. काल ते स्वतः आले. अर्जदाराने चहा केला. पाटी बदल, हवं तर पाया पडतो, इथवर ते आले. "नाव कुठे घातलंय, दादा? नुसतं नातं लिहिलंय," एवढेच अर्जदार म्हणाली. मग तिने त्यांचा कप पुन्हा भरला. निर्णय मात्र तोच आहे.

५. सबब, हरकत फेटाळण्यात यावी, आणि कपाट खुले होईल त्या दिवशी बंधू व वहिनींना रीतसर निमंत्रण जावे. टपालखर्च अर्जदार सोसेल.

आपल्या होकाराच्या प्रतीक्षेत,
(सही)
अर्जदार

सोबत : पाटीचा मजकूर —
"चांदीची नाणी, सतरावे शतक. थोरल्या भावाने घासली. धाकटी बहीण बघत होती."