साठ फुटांपर्यंत

१६ जानेवारी २०२५, गुरुवार. सकाळ.
आजपासून रोजनिशी. आम्ही तंजावूरचे मराठी, पण घरात देवनागरी मला एकट्यालाच वाचता येते. बायको, वरलक्ष्मी, बोलते मराठी, वाचते तमिळ. त्यामुळे वही टेबलावर उघडी राहिली तरी चिंता नाही.

रिटायर होऊन आठ महिने झाले. बत्तीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं. हल्ली सकाळी चालून येतो, पेपर वाचतो आणि स्वयंपाकघरात जाऊन वरलक्ष्मीला सुधारणा सुचवतो. शेवटचं काम तिने परवा बंद करायला लावलं. म्हणून नवा छंद घेतला आहे: मोटरसायकल ड्रॅग रेसिंग. सरळ रस्ता, दोन गाड्या, दिवा लागला की सुटायचं. सगळा खेळ सुटण्याचा, म्हणजे लाँचचा. म्हणजे घर्षणाचा. म्हणजे माझ्या विषयाचा.

पोर्चमध्ये श्रीकरची जुनी टू-स्ट्रोक यामाहा दोन वर्षं झाकून पडली आहे. यंत्र न वापरता ठेवलं की गंजतं. कारण एवढंच. श्रीकरशी याचा संबंध नाही.

१७ जानेवारी.
संबंध नसला तरी वस्तुस्थिती नोंदवायला हवी. श्रीकर माझा मुलगा. वय सत्तावीस. दोन वर्षांपूर्वी कंपनीतली नोकरी सोडून रेसिंग करतो म्हणाला. मी म्हटलं, या घरात एक तर ती गाडी राहील, नाहीतर तू. साठ पोरांच्या वर्गात असं वाक्य बरोबर लागू पडतं. तो बॅग घेऊन कोइंबतूरला गेला. गाडी राहिली. चावी माझ्या कपाटात होती.

तेव्हापासून तो फक्त त्याच्या अम्माशी बोलतो. फोन आला की ती मागच्या अंगणात जाते. तिथं रेंज चांगली असावी.

१९ जानेवारी. दुपार.
सतीशकुमारने व्हिडिओ पाठवला. माझा जुना विद्यार्थी, आता राईस मिलचा मालक. व्हिडिओत श्रीकर रेस हरतो. नऊ वेळा पाहिला. दोष लगेच कळला: क्लच सोडताना पुढचं चाक उचललं जातं, कारण वजन मागे राहतं. फळा असता तर दोन मिनिटांत समजावलं असतं.

प्लॅन ठरला. १६ मार्चला कोइंबतूरच्या बाहेर एका खासगी ट्रॅकवर स्पर्धा आहे. नवशिक्यांचा वेगळा गट आहे. श्रीकर तिथं असणारच. त्याच्या डोळ्यांसमोर मी बिनचूक लाँच करायचा. तो येऊन विचारेल, "अप्पा, कसं केलंत?" मी म्हणेन, "वजन पुढे ठेव." बस. विषय संपला. त्याने माफी मागायची गरज नाही. ते मी मोठ्या मनाने सोडून देईन.

२२ जानेवारी.
मेडिकल कॉलेज रोडवरच्या कृष्णस्वामी मेकॅनिकने गाडी चालू केली. श्रीकरच्या वेळेपासून त्याच्याकडेच जाते. त्याने विचारलं, मुलगा येतोय का परत? मी सांगितलं, नाही, मी चालवणार आहे, ड्रॅग. तो बराच वेळ कापडाला हात पुसत राहिला. कापड हातांपेक्षा काळं होतं.

२५ जानेवारी. सकाळी सातची नोंद, नऊला लिहिली.
सराव सुरू. जागा: सतीशकुमारच्या मिलमधलं भात वाळवायचं सिमेंटचं अंगण. लांबी पन्नास मीटर, पुढे भिंत. भात पसरायच्या आधी तासभर मोकळं मिळतं. पन्नास मीटर पुष्कळ झाले. पहिल्या साठ फुटांचा वेळ वेगळा मोजतात, लाँच किती जमला ते तिथंच कळतं. पुढे नुसती गाडी पळते.

आज अकरा लाँच. अकरा वेळा इंजिन बंद. गाडीला सवय राहिलेली नाही.

२८ जानेवारी.
इंजिन बंद पडलं नाही. उलट गाडी निघाली आणि मी मागे राहिलो. म्हणजे गाडीवरच होतो, पण हात सोडून बाकीचा मागे. भाताच्या राशीत शिरलो. भात पायांनी परतणाऱ्या बायका आधी गप्प होत्या, मग नव्हत्या. त्यांतली एक म्हणाली, सार, मुलीच्या लग्नाला एवढी घाई केली असती तर बरं झालं असतं. मला मुलगी नाही हे मी तिला सांगितलं.

२ फेब्रुवारी, रविवार.
साठ फूट: ४.१ सेकंद. सतीशकुमार मोबाइलवर मोजतो. पोट टाकीला लावून बसलं की पुढचं चाक खाली राहतं. सिद्धांत बरोबर. फक्त पोट थोडं जास्त आहे.

कुंभकोणमहून श्रीकरसाठी एक स्थळ आलं. मुलगी बँकेत. मी कळवलं, मार्चच्या मध्यानंतर बोलू. तोवर माझं आणि त्याचं सुरळीत झालेलं असेल. वरलक्ष्मीला सांगितलं. ती रसमला फोडणी देत होती. म्हणाली, त्यांना उगाच आशा लावू नका. फोडणी जळली. गेल्या तीस वर्षांत असं झालेलं आठवत नाही.

६ फेब्रुवारी.
वरलक्ष्मी कोइंबतूरला गेली. तिच्या बहिणीच्या, विजयलक्ष्मीच्या गुडघ्याचं ऑपरेशन. दोन रेशमी साड्या नेल्या आणि लॉकरमधला हार. दवाखान्यात भेटायला लोक येतात, बरं दिसावं लागतं. मी येतो म्हटलं तर म्हणाली, तिथं झोपायला जागा नाही. जरा जोरात म्हणाली. बहिणीची काळजी.

९ फेब्रुवारी, रविवार.
तीन दिवस दहीभात. लाँच ३.६. गुडघ्याची चौकशी करायला विजयलक्ष्मीला फोन केला. म्हणाली, "कुठला गुडघा? हां, हां, बरा आहे." औषधाची गुंगी असावी. मागे नादस्वरम, म्हणजे इथली सनई, वाजत होता. दवाखाना देवळाशेजारी दिसतो. रुग्णांना त्रास होत नसेल का? कलेक्टरला पत्र लिहायला हवं.

१२ फेब्रुवारी.
वरलक्ष्मी परतली. दोन्ही हातांना मेंदी, कोपरापर्यंत. रुग्णाजवळ बसून वेळ जात नाही, बायका काहीतरी करतात. सोबत एक कापडी पिशवी, आत नारळ, विड्याची पानं, लाडू. खासगी दवाखाने आता डिस्चार्जच्या वेळी असलं काही देतात वाटतं. पिशवी उलटी केलेली होती, छापलेली बाजू आत.

जेवताना तिला विचारलं, बहीण चालते का? म्हणाली, चालते. मग ताटावरच डोळे पुसले. मी विषय बदलला आणि तिला क्लचबद्दल सांगितलं.

२० फेब्रुवारी.
३.१ सेकंद. आता दिव्याचा सराव. सतीशकुमार टॉर्च लावतो, मी सुटतो. ट्रॅकवर आधी पिवळे दिवे लागतात, मग हिरवा. हिरव्याची वाट बघत बसायचं नाही, शेवटचा पिवळा लागला की हात हलायला हवा. डोळ्याने पाहून हाताला सांगण्यात जो वेळ जातो तो कुणालाच चुकत नाही. माझ्या बाबतीत तो जास्त आहे असं सतीशकुमार म्हणाला. त्याला दुसऱ्या वर्षी मीच नापास केलं होतं.

१ मार्च.
स्पर्धेसाठी ईसीजी काढला. नॉर्मल. डॉक्टरने विचारलं, घरी काही ताण? म्हटलं, अजिबात नाही.

साठ फूट: २.८. मिलच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. टोमणा नव्हता. मी दोनदा मागे वळून पाहिलं.

८ मार्च.
वरलक्ष्मीला प्लॅन सांगितला. ती खाली बसली. विचारलं, "श्रीकरला कळवलंय?" म्हटलं, नाही, समोरूनच बघू दे. ती म्हणाली, "थांबा, मला तुम्हाला एक सांगायचंय." मी म्हटलं, जे काही असेल ते परत आल्यावर. आता एकाग्रता हवी. ती पुन्हा म्हणाली, "आत्ताच सांगायला हवं." मी हेल्मेट घातलं. बंद हेल्मेटमध्ये ऐकू येत नाही.

१५ मार्च.
गाडी छोट्या टेम्पोतून पुढे गेली. मी दुपारच्या ट्रेनने. "वजन पुढे ठेव" हे वाक्य चार प्रकारे म्हणून पाहिलं. सहज म्हटलेलं सर्वांत चांगलं वाटतं.

१७ मार्च, सोमवार. ट्रेनमध्ये.
काल काय झालं ते क्रमाने लिहितो.

ट्रॅकवर सात वाजता पोहोचलो. नोंदणीच्या टेबलावर एक मुलगी. कागदावर माझं नाव वाचून उभी राहिली. श्रीनिवासराव, तंजावूर. एकदम आपल्या मराठीत म्हणाली, "या मामा. खाल्लंत का काही?" आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात, पण हल्लीची मुलं कुणालाही म्हणतात. कोइंबतूरमध्ये, रेसच्या ट्रॅकवर, आपली भाषा बोलणारी मुलगी. मला फार आनंद झाला. कुंभकोणमच्या बँकवालीपेक्षा ही उजवी, असं तिथंच ठरवून टाकलं. तिचं नाव विचारलं. कीर्तना. वडील काय करतात, गोत्र कोणतं, सगळं विचारलं. शेवटी विचारलं, "तुझं लग्न ठरलंय का कुठं?"

तिने माझ्या मागे पाहिलं. मागे श्रीकर उभा होता. बारीक झालाय. हातात हवेचं मीटर.

तो म्हणाला, "अप्पा, ही कीर्तना. फेब्रुवारीत आमचं लग्न झालं."

तिच्या गळ्यात पिवळा दोरा होता, ताली, म्हणजे इथलं मंगळसूत्र. तो आधीही असणारच. मी पाहिला नव्हता.

मी विचारलं, "अम्मा होती?"

"होती."

मी म्हणालो, छान. मग आणखी एकदा म्हणालो. नव्या सुनेच्या हातावर ठेवायला खिशात काही नव्हतं, सगळं सामान टेम्पोत. खिसे चाचपत राहिलो. ती म्हणाली, राहू दे मामा. आणि वाकून नमस्कार केला. माझ्या अंगात भाड्याचा लेदर सूट होता, मला तिला उठवायला नीट वाकताही येईना.

स्पर्धा रद्द करावी असं मनात आलं. पण माझा नंबर पुकारला. श्रीकर गाडीजवळ आला, गुडघ्यावर बसला आणि मागच्या टायरमधली हवा थोडी कमी केली. "अप्पा, क्लच चार बोटांनी धरू नका. दोन बोटांनी धरा." मी दोन बोटांनी धरला. मग तो म्हणाला, "आणि वजन पुढे ठेवा."

मी हो म्हटलं.

दिवे लागले. शेवटच्या पिवळ्यावर हात सुटला. शपथेवर लिहितो, इतकी सुंदर सुरुवात मी कधी केली नव्हती. पुढचं चाक जमिनीला धरून, आवाज एकसारखा, शेजारचा रायडर मागे. साठ फूट: २.४. गटातला त्या दिवसाचा दुसरा नंबर. मग दुसरा गियर. आणि पन्नास मीटरच्या आतच माझ्या हाताने आपोआप ब्रेक दाबला. मिलची भिंत तिथंच येते. सात आठवडे रोज तिथं थांबलो होतो. ट्रॅकवर भिंत नव्हती. पुढे साडेतीनशे मीटर मोकळा रस्ता होता आणि शेजारचा त्यावरून निघून गेला.

श्रीकर चालत आला. हसला नाही. म्हणाला, "साठ फुटांपर्यंत चांगलं होतं, अप्पा."

मी गाडीची चावी त्याच्या पुढे धरली. म्हटलं, ही तुझी. तो म्हणाला, "ठेवायला जागा नाही. आम्ही एका खोलीत राहतो." चावी त्याने घेतली नाही, पण माझी मूठ मिटवून दिली. दुपारी कीर्तनाने डब्यातला लिंबूभात वाढला. तिघं एका ताडपत्रीखाली बसलो. भात चांगला होता. मीठ थोडं कमी. हे मी बोललो नाही. मग बोललो.

त्याला काम होतं. मला टेम्पोपर्यंत सोडून तो गेला.

१९ मार्च, बुधवार. सकाळ.
वरलक्ष्मीला काल विचारलं नाही. आज विचारलं. ती बीन्स चिरत होती. म्हटलं, मुलाने मला बोलावलं नाही याचं मला वाईट वाटत नाही, त्याला राग होता. फक्त तू सांगायला हवं होतंस.

ती म्हणाली, "त्यानं बोलावलं नाही असं नाही. तीनदा विचारलं, अप्पांना सांगू का. एकदा निघालाही होता इथं यायला. मीच नको म्हटलं."

मी विचारलं, का?

"तुम्ही काहीतरी बोलला असता. त्या मुलीच्या आईवडिलांसमोर. आणि एकदा बोललात की तुम्ही मागं घेत नाही. मला तो एक दिवस नीट व्हायला हवा होता."

मी म्हटलं, मी एक शब्द बोललो नसतो.

ती बरं म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.

तिचा गैरसमज आहे. तो पुराव्याने दूर करता येईल म्हणून वही घेऊन बसलो. त्या दिवशी मांडवात असतो तर काय बोललो असतो, ते प्रामाणिकपणे लिहायचं.

मुलाला पक्की नोकरी नाही हे तुम्हाला माहीत आहे ना, असं तिच्या वडिलांना विचारलं असतं. फक्त माहिती म्हणून. मुहूर्त कुणी काढला, ते विचारलं असतं. हॉलबाहेर त्याच्या मित्रांच्या मोटरसायकली लागल्या असत्या, त्यांच्याबद्दल एक वाक्य. विनोदाने. ताली बांधताना त्याचा हात थरथरला असता तर एक वाक्य. नसता थरथरला तर वेगळं. सांबार. आणि दोघं पाया पडायला आली असती तेव्हा, एवढं सगळं करायला पैसे कुठून आणलेस.

पान भरलं. मागच्या बाजूला आणखी पाच ओळी गेल्या.