सूज उतरल्यावरही

प्रिय ताई,

मागच्या आठवड्यात बाबा माझ्या दवाखान्यात आले. काखेत आईचा करडा स्वेटर आणि त्यातून डोकावणारी घरमालकीण. आईच्या मांजरीला हे नाव त्यांनीच ठेवलं होतं, आठवतं ना? ती त्यांच्या खुर्चीत पसरली की हे मुकाट स्टुलावर बसायचे आणि आई स्वयंपाकघरातून खुदखुदायची.

कपाटावरून उडी चुकली होती म्हणे. हाड शाबूत होतं, पण पुढचा पंजा टम्म सुजलेला, हात लावू देईना. मी औषध दिलं आणि जोडीला लेझर सुरू करू म्हटलं. त्या उजेडाने सूज लवकर ओसरते, ठणका कमी होतो. बाबांनी यंत्राकडे पाहिलं आणि म्हणाले, एवढं शिकून अखेर दिवेच लावलेस म्हणायचे! ताई, आई गेल्यापासूनची ही त्यांची पहिली थट्टा. हसावं की रडावं मला कळेना.

काम तसं सोपं असतं. खिडकी झाकायची, आपण गडद चष्मे लावायचे, मांजरीच्या डोळ्यांवर फडकं धरायचं आणि यंत्राचं टोक सुजेवरून सावकाश फिरवायचं. पण कुणीतरी तिला मांडीवर धरून बसावं लागतं. बाबा बसले, आणि बोलायला लागले. माझ्याशी नाही, मांजरीशी! लग्नानंतरच्या पहिल्या खोलीची खिडकी म्हणे मिटायचीच नाही; थंडीत आई तिथे स्वतःची उशी कोंबायची आणि यांच्या उशीवर हक्काने डोकं टेकायची. दुसऱ्या दिवशी तुझी गोष्ट निघाली. तुला उचलायला ते घाबरायचे. आईने एकदा तुला त्यांच्या हातात कोंबलं आणि सरळ अंघोळीला निघून गेली. ती येईपर्यंत हे श्वास रोखून ताठ बसलेले, समोर चहाचं पार पाणी झालेलं. तुला माहीत होतं हे? मला नव्हतं.

पंज्याची सूज भराभर उतरली. आता यायची गरज नाही, मी सांगितलं. तरी सकाळी दारात हजर. अजून किंचित वाटतेय गं, म्हणाले. मी दोन्ही पंजे ताडून पाहिले, काही नव्हतं. मी खिडकी झाकली, चष्मे दिले आणि यंत्र बंदच ठेवलं. त्यांनाही ते कळलं असावं. बोलता बोलता चष्म्याखालून पाणी ओघळलं, ते त्यांनी पुसलं नाही.

आई गेली त्या दिवशी ते दगडासारखे बसून राहिले, म्हणून तू तडकाफडकी निघून गेलीस. तेव्हापासून तुमची खुशाली माझ्यामार्फतच. तुझा राग मी खोटा म्हणत नाही. पण काल त्यांनी हळूच विचारलं, मोठी अजून चिडलीय का? तिला सांग, मला तेव्हा शब्दच सुचले नाहीत. मी म्हटलं, तुम्हीच सांगा की. तर म्हणाले, तिने फोन उचललाच नाही तर? म्हणून हे पत्र. रविवारी तूच कर. ते आधी म्हणतील, मांजर बरी आहे, आणि गप्प होतील. तेवढ्यावर फोन ठेवू नकोस.

तुझीच,
धाकटी