भाचीची विझलेली पूड

तीर्थरूप ताईस,

गुडघे परवानगी देतील तितका साष्टांग नमस्कार. तुझी कंबर आणि भावजींचं घोरणं कसं आहे? (पहिली बरी व्हावी, दुसरं थांबावं.) तुझी लेक माझ्याकडे सुखरूप आहे, फक्त दोन दिवस जेवलेली नाही.

कारण तिची पूड विझली. पूड विझते म्हणजे काय, ते मला विचारू नकोस. बावीस वर्षं या प्रयोगशाळेचं कोठार सांभाळतोय, तरी डोक्यात उजेड नाही. तिने म्हणे एक बहुवारिक बनवलंय (म्हणजे प्लॅस्टिकचा शिकलेला चुलतभाऊ). त्यात डोळ्यांना न दिसणारी भोकं, आणि जांभळ्या दिव्याखाली धरलं की ते पिवळंधमक चमकतं. मी म्हटलं, "अगं, भोकं पडलेलं बनियन आपण फेकतो, तू पदवी मागतेस?" तर म्हणे, "मामा, भोकांचीच तर किंमत आहे. वाफ आत शिरली की उजेड बदलतो, त्यावरून हवेत काय आहे ते कळतं." आता हा दिवा आहे की नाक, हे मला अजून उमगलेलं नाही.

सोमवारी तिने दिवा लावला, तर पूड पिठासारखी गप्प. गुरुवारी बाहेरचे परीक्षक येणार. तिच्या मार्गदर्शक सरांनी सगळ्यांदेखत विचारलं, "आधीचे आलेख खरे होते ना?" तेव्हापासून पोरीने अन्न सोडलंय. मला म्हणाली, "मामा, कपाटात कसली वाफ शिरली असेल का?" मी म्हटलं, "माझ्या कोठारात? तिथे माशीसुद्धा विचारून शिरते."

बाकी सर्व क्षेम.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : रविवारी मी कपाट आवरलं. बाटल्यांवरच्या जुन्या लेबलांचा चिकटा मी नेहमी अ‍ॅसिटोनने पुसतो. तिच्या बाटलीचं झाकण काढून गळाही पुसला, आणि झाकण सैलच राहिलं, ओला बोळाही कपाटातच राहिला. भोकांत अडकलेलं निर्वात भट्टीत तापवून काढता येतं, असं तीच एकदा म्हणाली होती. तेवढं तू तिला सांग, जणू तुलाच सुचलं. माझ्या तोंडून निघत नाही.

ता. क. २ : हे पत्र पोचेपर्यंत गुरुवार उलटलेला असेल, हे आत्ता लक्षात आलं. असू दे. टपालात टाकायला तिच्याच हाती देतोय. दुसऱ्याचं पत्र वाचल्याशिवाय पुढे सोडायचं नाही, हा तुझा गुण तिने पुरेपूर उचललाय. पाकीट मी चिकटवलेलं नाही.