साधं लग्न

८ एप्रिल १९५८

मुख्याध्यापक सदाशिवरावांनी आज मला धरलं. शनिवारी सिंदीच्या वाचनालयात 'साधेपणा' यावर मी बोलायचं! "प्रेमदास, तुमच्या समाजाच्या रक्तातच आहे तो." खरंय. सदरा एकच असला की साधेपणा आपोआप रक्तात उतरतो. ते स्वतः खादीचं साधं धोतर नेसतात — धुवायला एक गडी, इस्त्रीला दुसरा.

९ एप्रिल

शब्दकोश चाळला. 'साधा' म्हणे फारसी 'सादा'वरून आला. कोरा, रंग-नक्षी नसलेला. सदाशिवरावांना सांगितलं तर तोंड कडू झालं. "छे छे, 'साधू'पासून घ्या!" घेतो. माझ्या बापाचं काय जातं?

१२ एप्रिल

भाषण झालं. टाळ्या! जोशात येऊन सांगून टाकलं — पुढच्या महिन्यात माझं लग्न, अगदी साधं. बौद्ध दीक्षेनंतरची आमची पद्धत : वंदना, दोन हार, चहा. बँडबाजा नाही. सदाशिवरावांनी पाठ थोपटली. "मी जातीनं येणार!"

नवरीला विचारायचं तेवढं राहिलं.

२० एप्रिल

मायला घेऊन नवरीच्या गावी गेलतो, हिंगणघाटाच्या पुढं. होणारे सासरे रूपराव "तुमी म्हणान तसं" म्हणत मान हलवत होते. माझं साधेपणावरचं प्रवचन रंगात आलं, तोच सुलोचना स्वतः दारात उभी!

"बँड काऊन नाई?"

"साधेपणा —"

"माह्या मायच्या लग्नात नव्हता. आजीच्याबी नव्हता. तो साधेपणा नोहोय, मास्तर! आपल्या लोकायले वाजवत मोठ्या रस्त्यानं जायची मनाई होती. दुसऱ्याच्या वरातीत डफडं मात्र आपणच वाजवाचं. आता कुठं मनाई उठली, त तुमी नाई म्हणून राह्यले?"

"सुले, आत जा!" रूपराव ओरडले. ती गेली नाही.

मी चहा प्यालो. थंड होता.

२१ एप्रिल

केवढी जीभ पोरीची!

आणि बोलली ते खरं — चीड त्याचीच जास्त.

२६ एप्रिल

बँड सांगितला. सदाशिवरावांना कळलंच. "साधेपणा सोडलात? मग माझं येणं जमणार नाही." त्यांच्या मुलाच्या मुंजीत नागपूरचा बँड होता. तो बहुधा मौनात वाजला असावा.

११ मे

लग्न लागलं. वरात मोठ्या रस्त्याला वळली, तर पुढं सात-आठ माणसं काठ्या घेऊन उभी. बँड थांबला. साधेपणाचे व्याख्याते — म्हणजे मी — बैलगाडीच्या आड सरकले. "दुसऱ्या वाटेनं जाऊ," कोणीतरी पुटपुटलं. तो आवाज माझाच निघाला!

सुलोचना बैलगाडीतून खाली उतरली. सरळ पुढं चालायला लागली. मागं वळून बँडवाल्यांना एवढंच म्हणाली, "वाजवा."

वाजलं. काठ्या बाजूला झाल्या. काऊन झाल्या, अजून कळलेलं नाही.

१२ मे

मायला मी जन्मभर साधी बाई समजत होतो. काल ती पदर खोचून भर रस्त्यात नाचली.