माम्ब्रे की घेवोन्द

मेघ्री, ३ मार्च

चि. शोघिक हिला आजोबांचे मनापासून आशीर्वाद. वि. वि. तू आणि पोटातलं बाळ बरे असाल असं समजतो. न समजलो तर घास उतरत नाही.

फोन करत नाही, कारण मला ऐकू येत नाही आणि मला जे ऐकू येत नाही ते तुझ्या आजीला स्वयंपाकघरातून ऐकू येतं. म्हणून पत्र येरेवानच्या व्हॅनवाल्याकडे देतोय, सोबत अंजिराचा मुरंबा. बरणी परत पाठव.

तुझ्या सासरचे आजोबा बार्सेघ व्याही गुमरीहून आणि मी इथून पत्रांतून बुद्धिबळ खेळतोय, हे तू जाणतेस. मी जिंकलो तर बाळाचं नाव माझ्या वडिलांचं, माम्ब्रे. ते जिंकले तर त्यांच्या वडिलांचं, घेवोन्द. बरोबरी झाली तर आईबाप ठरवतील. ही अट आजीने घुसवली.

एकतीस चाली झाल्या आणि माझा राजा उघड्यावर पडलाय. तुझ्या कॉम्प्युटरात ते बुद्धिबळाचं यंत्र आहे ना? पटाचं चित्र काढून पाठवतोय. चाल सांगू नकोस. तू सांगितलेली चाल माझी नाही, आणि बाप्तिस्म्याला मला व्याह्यांच्या डोळ्यांत बघायचंय. मी सातवी शिकलेला माणूस; एवढंच विचार, मी जिवंत आहे की मेलोय.

माया आहे तेवढी राहू दे.
तुझा आजोबा, ह्मायाक

येरेवान, ७ मार्च

ती. आजोबांना शोघिकचा नमस्कार, वाकता येत नाही म्हणून उभ्यानेच. वि. वि. मुरंबा संपला, बरणी येतेय.

पट यंत्रात मांडला. चार चालींत मात, आजोबा. तुमच्यावर.

(मागच्या पानावर) पण आता चाल कोणाची हे तुम्ही लिहिलंच नाहीत. मी बार्सेघ आजोबांची धरली होती. तुमची असेल तर गोष्टच वेगळी. तसं मांडलं तेव्हा पहिल्या मिनिटाला आकडा आला उणे तीन, म्हणजे तीन प्याद्यांनी मागे.

यंत्र तुमच्या प्रत्येक चालीला त्यांची उत्तरं काढतं, त्या उत्तरांना तुमची, आणि अशा फांद्या फुटत जातात. कोट्यवधी होतात, म्हणून तुम्ही जर्दाळूची करता तशी छाटणी करतं. मोहरा फुकट जाताना दिसला की त्या फांदीवर फार वेळ घालवत नाही. शह आणि मारामारी मात्र टोकापर्यंत बघतं. गुपचूप चालींकडे उशिरा वळतं. मग एकेक पायरी खोल उतरून सगळं पुन्हा तपासतं, आणि कधीकधी टाकलेली फांदीच खरी निघते. सातव्या मिनिटाला आकडा हलला आणि शून्यावर आला, कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. म्हणजे जिवंत आहात. तिथेच मी यंत्र बंद केलं.

घरात आम्ही बाळाला आरेग म्हणतो. तो लाथ मारून ओ देतो. हे बार्सेघ आजोबांना कळू देऊ नका.

रागावलात तरी माया पातळ करू नका.
तुमची शोघिक

मेघ्री, १४ मार्च

चि. शोघिक हिला आशीर्वाद. वि. वि. पहिलंच पान वाचून मी बुटांसकट पलंगावर आडवा झालो. वडिलांचं नाव बुडालं म्हणालो, हार मानल्याचं पत्रही लिहिलं. आजी म्हणाली, कागदाला दोन बाजू असतात, मागची वाचायला पाद्र्याला बोलावू का? चाल माझीच होती, बाळे. व्याह्यांची चाल मांडूनच तर चित्र काढलं होतं. एवढं कोणालाही कळेल असं मला वाटलं.

मग विचार केला, यंत्राला सात मिनिटं लागली म्हणजे ती चाल आधी मूर्खपणाची दिसत असणार. म्हणून मी फक्त मूर्ख चाली बघू लागलो. त्या मला भरपूर सुचतात. चौथ्या दिवशी सापडली. हत्ती फुकट द्यायचा, त्यांना घ्यावाच लागतो. मग माझा वजीर शहावर शह देतो आणि त्यांचा राजा दोन घरांत येरझाऱ्या घालतो. हत्तीची चाल आणि बरोबरीचा प्रस्ताव एकाच पाकिटात गेले.

आता धास्ती वेगळीच. तू चाल सांगितली नाहीस, पण दार आहे हे सांगितलंस. ही फसवणूक झाली का? व्याह्यांना सगळं कबूल केलंय.

काळजीत असलेला,
आजोबा

गुमरी, २२ मार्च

ह्मायाक व्याह्यांना बार्सेघचा नमस्कार. वि. वि. कबुलीजबाब वाचून इतका हसलो की शेजारीण धावत आली. मेलात की जिवंत हे मला विचारायचं होतंत, मी फुकटात सांगितलं असतं, मेलात म्हणून. तो हत्ती मला स्वप्नातही दिसला नसता. नातसुनेने चाल सांगितली नाही ना? मग हत्ती तुमचा. बरोबरी कबूल. घेवोन्दला मी दुसऱ्या बाळासाठी राखून ठेवलंय, पोरांना अजून कळवलेलं नाही.

पुढच्या डावापर्यंत जीव सांभाळा.
बार्सेघ

येरेवान, ९ एप्रिल

ती. आजोबांना नमस्कार. वि. वि. मंगळवारी आरेग आला. साडेतीन किलो, आवाज थेट आजीचा.

एक पाप सांगायचंय. काल तो झोपला असताना तुमचा पट पुन्हा मांडला आणि यंत्र चाळीस मिनिटं चालू ठेवलं. हत्ती दिल्यावर शह द्यायचाच नव्हता. तुमचा राजा गुपचूप एक घर कोपऱ्याकडे सरकला की बार्सेघ आजोबांचा खेळ संपतो. अधिक नऊ. मी शून्यावर यंत्र बंद केलं, कारण शून्य माझ्या सोयीचं होतं. तुमच्या वडिलांचं नाव माझ्यामुळे गेलं.

तरीही तुमचीच,
शोघिक

मेघ्री, १३ एप्रिल

चि. शोघिक आणि बाळाला उदंड आशीर्वाद. वि. वि. बाळाचं डोकं झाकता ना? येरेवानचा वारा मला पसंत नाही.

राजाची ती चाल मला पाकीट चिकटवण्याआधीच दिसली होती. सारखा घाबरणारा माणूस राजाला कोपऱ्यात लपवण्याचाच विचार करतो, यंत्राला ते कुठून सुचणार? मी दोन पत्रं लिहिली, एक जिंकण्याचं, एक बरोबरीचं. जिंकण्याचं आजीने चुलीत घातलं, मी तिला घालायला लावलं. तुझं मार्चमधलं पत्र आल्यापासून आम्ही दोघं जेवताना विचारायचो, आरेगने आज किती लाथा मारल्या असतील? नाव असलेल्या मुलाला मी दुसरं नाव कसं ठेवू? वडील समजून घेतील, त्यांना माम्ब्रे कधी आवडलंच नव्हतं.

व्याह्यांना मात्र यातलं काही कळवू नकोस. त्यांची झोप चांगली आहे, ती राहू दे.

आरेगचा पणजोबा,
ह्मायाक