पायांचे गुण

ताई,

हे पत्र मी टाकणार नाही, म्हणूनच खरं लिहितोय.

बँडच्या स्पर्धेत मी पायांचा परीक्षक होतो. गुडघ्याच्या वर बघायचं नाही, पाऊल चुकलं की गुण कापायचे. तुझ्या बँडचे मी दोन कापले आणि तुम्ही एका गुणाने हरलात. लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. तूच त्यांना गप्प केलंस. "माझ्या भावाची नजर चुकत नाही," म्हणालीस. आणि वीस वर्षं तुझ्याकडे वाजवणाऱ्या ढोलवाल्याला काढून टाकलंस.

ताई, तुमच्या वादनाच्या शेवटी तू ट्रम्पेट उचललंस, लोक उभे राहिले आणि मीही मान वर केली. तू थांबेपर्यंत ती वरच होती. एकही पाऊल मी पाहिलं नाही. पूर्ण गुण दिले तर बहिणीला झुकतं माप दिलं म्हणतील, म्हणून दोन कापले. कापलेल्या गुणांपुढे वादक लिहावा लागतो. हाताला आला तो ढोलवाला लिहिला.

आज तो माझ्या दारात आला होता. भांडला नाही. डावं पाऊल चुकलं की उजवं, तेवढंच विचारत होता, सराव करायला.

मी डावं म्हणालो.

तुझा धाकटा